रस्ता अरुंद करण्यास हरकत

डोंबिवली, १८ जानेवारी २०२५

चि. माया,

'चि.' लिहिल्यावर सवयीने 'सौ.' लिहायला हात गेला आणि तिथेच थांबला. तो कागद फाडून हा दुसरा घेतला आहे. म्हणजे विचार करून लिहिते आहे एवढं लक्षात घे आणि न वाचता फेकू नकोस.

पत्र कशाला, फोन करायचा, असं म्हणशील. माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस. समोरच्या इमारतीत तू, इकडे मी, खिडकीतून हाक मारावी तर मधून ट्रक जातात. म्हणून पोळ्यांच्या रंगूबाईंच्या हाती देते आहे. त्या माझ्याकडे नऊला येतात आणि तुझ्याकडे साडेदहाला, तेव्हा त्यांना वाट वाकडी करावी लागत नाही. "मी काय टपालवाली हाय का ओ?" म्हणाल्या, पण पत्र पिशवीत टाकलं.

विषय असा की तुमच्या गच्चीवरून सोडलेला तो बॅनर नेमका माझ्या खिडकीसमोर येतो. 'रस्ता अरुंद करा, माणसं वाचवा.' अक्षरं इतकी मोठी की मला चष्म्याशिवाय वाचता येतात. आपल्या मेन रोडच्या चार लेनच्या दोन होणार, कडेला फूटपाथ, मधोमध माणसांना थांबायला रुंद बेट, आणि त्याआधी दोन महिने रंगाचे पट्टे मारून आणि प्लास्टिकचे खांब लावून चाचणी. ह्या सगळ्याची तू पुढारी आहेस हे मला वर्तमानपत्रातून कळतं. सख्खी बहीण चाळीस पावलांवर राहते आणि तिची बातमी मी पान तीनवर वाचते.

मी हरकत घेतली आहे. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. माझं कारण सरळ आहे. ह्यांना अर्धांगवायू होऊन पाच वर्षं होत आली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ॲम्ब्युलन्स कधी लागेल सांगता येत नाही. चार लेनमधून ती वीस-पंचवीस मिनिटांत येते, दोन लेनमधून कधी येणार? तुझा नवरा ह्या रस्त्यावर गेला म्हणून माझा घरात जावा का? हे वाक्य खोडणार होते, पण मनात आलं ते आलं.

हरकतीवर त्रेसष्ट सह्या आहेत. कशा मिळवल्या ते सांगते, तुला हसू येईल. सोसायटीचं संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याचकडे असतं. दरवर्षी वाण कमी पडतं, कोण दोनदा नेतं ते कळत नाही. म्हणून यंदा मी वही ठेवली. वाण घ्यायचं, सही करायची. स्टीलची गाळणी होती. त्रेसष्ट गाळण्या, त्रेसष्ट सह्या. दुसऱ्या दिवशी त्या पानांवर हरकतीचा अर्ज टाचला आणि वॉर्ड ऑफिसला पाठवून दिला. विचारलं असतं तरी सगळ्याजणींनी सही केलीच असती. मग विचारण्यात वेळ कशाला घालवायचा?

सुधीरराव जाऊन अडीच वर्षं होतील. मी पोलिसांना दिलेला जबाब तू वाचलास त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. ह्या पत्राला तरी उत्तर दे. भांडायचं असेल तर भांड.

तुझी,
ताई

६ फेब्रुवारी

चि. माया,

उत्तर नाही. रंगूबाईंना विचारलं तर म्हणतात, "वाचलं त्यांनी. दोनदा वाचलं. मग पिठाच्या डब्याखाली ठिवलं." फेकलं नाहीस, हेही नसे थोडके.

तुमची चाचणी सुरू झाली. शनिवारी सकाळी उठून बघते तर रस्त्यावर पांढरे-पिवळे पट्टे आणि नारिंगी खांब, लग्नाच्या मांडवासारखे. रविवारपर्यंत त्यातले चार आडवे झाले. हॉर्न इतके की ह्यांना दुपारी झोप नाही. आमचे सेक्रेटरी कुंडलिकराव रोज येऊन मला सांगतात की पाणीपुरीवाल्याने तुमच्या फूटपाथवर आधीच जागा धरली. मला त्यात फार आनंद झाला हे कबूल करते.

तू म्हणशील, सुमतीताईला बाहेर जायचं नसतं, तिला रस्त्याचं काय? खरं आहे. मी हा रस्ता सुधीरराव गेल्यापासून ओलांडलेला नाही. बँक पलीकडे, डॉक्टर पलीकडे, भाजीबाजार पलीकडे, गणपतीचं देऊळ पलीकडे, तू पलीकडे. अलीकडे काय, तर एक गॅरेज, दोन टायरवाले, दारूचं दुकान आणि मी. भाजी फोनवर येते, औषधं फोनवर येतात, पोटचा मुलगा ऋतुराज, तोही बंगळुरूहून रविवारी फोनवर येतो. लिफ्टने खाली जाऊन मी गेटपर्यंत उभी राहते आणि परत वर येते. वॉचमनला वाटतं मी कोणाची तरी वाट बघते.

दिवसभर ह्या खोलीत आम्ही दोघं. हे कॉटवर, मी खिडकीशी. ह्यांचा डावा डोळा माझ्या मागे मागे फिरतो. मी स्वयंपाकघरात गेले की दाराकडे बघत राहतात. मला कधी कधी तो डोळा सहन होत नाही. आजारी माणसाबद्दल असं लिहू नये, पण दुसऱ्या कोणाला लिहू?

जबाबाचं म्हणशील तर मी जे सांगितलं ते सांगितलं. सुधीरराव घाईचे होते हे तुलाही माहीत आहे. चहा गाळायच्या आत बशी पुढे करायचे. मी स्वयंपाकघरात होते, आवाज झाला म्हणून खिडकीशी आले. ते धावत, न बघता रस्त्यात आले असं मी सांगितलं. त्यात त्यांची बदनामी करायचा माझा काय हेतू असणार? रोज पाचला येऊन ह्यांना उचलून खुर्चीत बसवणारा माणूस. एक दिवसाआड ह्यांची दाढी करायचे. सख्खा भाऊ करणार नाही इतकं त्यांनी केलं.

उत्तर लिही. नाहीतर निदान तो बॅनर थोडा बाजूला सरकव.

ताई

२४ फेब्रुवारी

चि. माया,

मंगळवारी सकाळी ह्यांचा श्वास अडकला. तू खिडकीतून बघितलंच असशील.

मी फोन केला आणि घड्याळाकडे बघत बसले. मनात तुला काय काय बोलत होते ते लिहीत नाही. अकराव्या मिनिटाला सायरन ऐकू आला. वरून बघितलं तर गाड्या बाजूच्या पट्ट्यावर सरकत होत्या आणि ॲम्ब्युलन्स मधून सरळ येत होती. पूर्वीच्या चार लेनपैकी दोन लेन टेम्पो आणि मोटरसायकली उभ्या करण्यातच जायच्या, हे मी अठरा वर्षं वरून बघते आहे आणि हरकत लिहिताना मला ते आठवलं नाही. हे कबूल करताना माझ्या जिवाचं काय होतंय ते तुला कळेल, तू माझ्याबरोबर वाढलेली आहेस.

हे बरे आहेत. तीन दिवसांनी घरी आणलं. तू रंगूबाईंना विचारलंस, "भाऊजी कसे आहेत?" हे मला कळलं. मी त्यांना ते दोनदा सांगायला लावलं.

हरकत मात्र मागे घेतलेली नाही. दिलेलं मागे घ्यायची मला सवय नाही.

ताई

१३ मार्च

चि. माया,

परवाच्या सुनावणीचा वृत्तान्त कुंडलिकरावांनी आणला. माझ्या वतीने तेच गेले होते. आधी हसत सांगत होते, मग माझा चेहरा बघून थांबले.

तू माझी यादी हातात घेतलीस म्हणे. सगळी नावं शांतपणे वाचलीस. मग म्हणालीस, "ही हळदीकुंकवाची वही आहे. ह्यात फक्त नवरा असलेल्या बायका आहेत. ज्यांचे नवरे ह्या रस्त्याने नेले त्यांना बोलावलंच नव्हतं, मग त्यांची सही कुठून येणार?"



मी कपाटातून वही काढली. वरची पानं अर्जाला गेली, पण मागे आमंत्रणांची यादी होती. मीच केलेली. चौथ्या मजल्यावरच्या सुमेधाताईंचं नाव मी गेल्या वर्षीच्या यादीवरून उतरवताना गाळलं होतं, कारण दिवाळीत त्यांचे यजमान गेले. तुझं नाव दोन वर्षांपूर्वी गाळलं. कोणी मला सांगितलं नव्हतं की गाळ. आई करायची तसं मी केलं, हात आपोआप पुढच्या नावाकडे गेला. तुझं नाव तिथे नाही ह्याचं मला त्या वेळी काहीच वाटलं नाही. आता वाटतंय, आणि ते लिहून भरून येणार नाही.

पण कुंडलिकरावांनी आणखी एक सांगितलं आणि ते सांगताना त्यांना फार अभिमान वाटत होता. दुकानदारांच्या वतीने कोणी उभा राहिला आणि त्याने माझा जबाब वाचून दाखवला. ह्या ठिकाणी पाच वर्षांत एकच माणूस गेला, तोही स्वतःच्या चुकीने, धावत, न बघता. रस्त्याचा काय दोष? आणि हे बाहेरचं कोणी म्हणत नाही, त्यांची मेव्हणीच म्हणते. म्हणून चाचणी संपली की खांब काढा, पट्टे पुसा. कुंडलिकराव म्हणाले, "वहिनी, तुमचा जबाब म्हणजे हुकमाचं पान निघालं."

काल पालिकेच्या सोनल मॅडम घरी आल्या. इंजिनिअर आहेत, तिशीच्या आतबाहेर असतील. पाणीसुद्धा घेतलं नाही. जबाबाची प्रत समोर ठेवली आणि म्हणाल्या, "काकू, एक विचारू का? तुम्ही लिहिलंय की आवाज आल्यावर तुम्ही खिडकीशी आलात. मग ते धावत आले, हे कसं काय दिसलं?"

मी म्हटलं, "अडीच वर्षं झाली, आता काय आठवतंय?"

"ओके, काही प्रॉब्लेम नाही," म्हणाल्या. "जबाब आहे तसाच ठेवायचा असेल तर तुम्हाला यायची गरज नाही. बदलायचा असेल तर सत्तावीसला शेवटची सुनावणी आहे, तेव्हा स्वतः यायला लागेल. मी तसं नोंदवून घेईन आणि पोलिसांकडे पाठवीन. रिपोर्ट त्याच्यावरच जाणार आहे म्हणून सांगते."

त्या बोलत असताना हे माझ्याकडे बघत होते. तोच डोळा. मॅडम गेल्यावर मी कॉटची दिशा बदलायला गेले, एकटीला हलली नाही.

ताई

१५ मार्च

माया,

हे पत्र मी रंगूबाईंना देईन की नाही, मला माहीत नाही. लिहून तर बघते.

मी स्वयंपाकघरात नव्हते.

त्या दिवशी पावणेपाचला हे कॉटवरून घसरले. कॉट आणि कपाट ह्यांच्या फटीत मान वाकडी होऊन पडले. तोंडातून घरघर येत होती. मी काखेत हात घालून ओढलं, जमेना. शेजारी कोणी नाही, वॉचमन फोन उचलेना. तेवढ्यात आठवलं की पाच वाजतायत, सुधीरराव येत असतील. मी खिडकीशी धावले.

ते अर्धा रस्ता ओलांडून मधल्या दुभाजकावर उभे होते. तो जुना दुभाजक तुला आठवतो, वीतभर रुंद. त्यावर आडवे पाय करून, पाटीचा खांब धरून उभे. शीळफाट्याकडून एकामागून एक गाड्या येत होत्या, मधे हातभर जागा नव्हती. मी परत ह्यांच्याकडे गेले, मान सरळ करायचा प्रयत्न केला, परत खिडकीशी आले. ते तिथेच. पुन्हा ह्यांच्याकडे, पुन्हा खिडकीशी. ते तिथेच. सात-आठ मिनिटं तरी झाली असतील. ज्या माणसाला मी घाईचा म्हणाले, तो माणूस तेवढा वेळ त्या वीतभर जागेवर उभा होता. मागे जाता येत नव्हतं आणि पुढे येता येत नव्हतं.

मी खिडकीबाहेर दोन्ही हात काढले आणि हलवले. या, लवकर या.

त्यांनी वर बघितलं. काहीतरी झालंय हे त्यांना कळलं. मला मान हलवून 'आलो' म्हणाले आणि खाली उतरले. माझ्याकडे बघत उतरले, माया. टेम्पो कुठल्या बाजूने आला ते त्यांनी बघितलंच नाही.

पोलीस वर आले तेव्हा ह्यांना कोणीतरी उचलून कॉटवर ठेवलं होतं आणि मी भिंतीला टेकून बसले होते. "काय झालं, बाई?" असं विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, धावत आले, न बघता. ते मी ठरवून म्हणाले नाही. पण त्यांनी ते लिहिलं, मला वाचून दाखवलं, आणि मी सही केली. ती मात्र मी वाचून केली. दुसऱ्या दिवशी बदलता आला असता. तेरावं झाल्यावर तू इकडे आलीस आणि मला विचारलंस, "ताई, ते खरंच धावले का गं? ते कधी धावायचे नाहीत." तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हटलं, "आता त्रास करून घेऊ नकोस." मग तू जबाबाची प्रत काढलीस आणि येणं बंद केलंस. मला बरं वाटलं. तू आली असतीस तर मला रोज तुझ्याकडे बघावं लागलं असतं.

पण हे आहेत ना. हे फटीत पडल्या पडल्या माझी पाठ बघत होते, माझे हलणारे हात बघत होते. ह्यांना सगळं ठाऊक आहे आणि बोलता येत नाही. मी ह्यांना भरवते, पुसते, कूस बदलते, आणि हे बघत राहतात. ह्या खोलीतून मला कुठे जाता येत नाही, ते रस्त्यामुळे नाही.

ताई

२९ मार्च

माया,

आधीचं पत्र मी रंगूबाईंना दिलं नव्हतं. त्यामुळे तुला ते परवा चारचौघांत, माझ्या तोंडून ऐकावं लागलं. घरच्या गोष्टी लोकांसमोर ऐकाव्या लागणं हे तुला किती लागतं, ते मला माहीत आहे. ते पत्र सोबत जोडलं आहे. तारीख बघ. सांगायचं माझ्या मनात आधीपासून होतं एवढंच त्यावरून कळेल, धीर नव्हता हेही कळेल.

रंगूबाई ह्यांच्याजवळ बसल्या. निघताना मी ह्यांना सांगितलं, "वॉर्ड ऑफिसला चालले आहे. सांगायला." त्यांनी डोळा मिटला. अडीच वर्षांत जागेपणी तो माझ्यासमोर मिटला नव्हता. कंटाळून मिटला असेल, पण मला तेवढं पुरलं.

खाली उतरले आणि फूटपाथच्या कडेला उभी राहिले. पाय उचलेना. एका रिक्षावाल्याने गाडी थांबवून "जा ना आजी" म्हटलं. खांब लावून आखलेल्या मधल्या बेटावर पोचले तर तिथे एक बाई भाजीच्या पिशव्या खाली ठेवून आरामात फोनवर बोलत होती. मी तिच्याशेजारी उभी राहिले. तुझ्या त्या बेटावर चार माणसं सुखाने उभी राहतात. सुधीररावांना एवढी जागा असती तर ते मला खालून ओरडून विचारू शकले असते, काय झालं म्हणून. मी तिथे रडले. त्या बाईने फोन बंद केला आणि मला पलीकडे नेऊन सोडलं.

पुढचं तू ऐकलंसच. तू तिसऱ्या रांगेत होतीस. सोनल मॅडमनी विचारलं, किती वेळ उभे होते, आणि मी सात-आठ मिनिटं म्हणाले, तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं नाही. दुकानदारांचा तो माणूस म्हणाला, "म्हणजे चूक तुमची, रस्त्याची नाही." मी म्हटलं, "दोघांची. रस्त्याने त्यांना अडकवून ठेवलं आणि मी हाक मारली. माझी चूक माझ्या नावावर लिहा. त्यांच्या नावावर जी लिहिली आहे ती तेवढी काढा." मॅडमनी लिहून घेतलं. मी वाचलं आणि सही केली. हरकतही मागे घेतली. मान वर केली तोवर तू उठून गेली होतीस. खुर्चीवर तुझा चष्मा राहिला होता, तो सोबत पाठवते आहे. खांब राहणार की जाणार, ते महिनाभरात कळेल म्हणे.

तुझ्याकडून मी काही मागत नाही. एका गोष्टीचा मात्र खुलासा केला नाही तर मला अन्न गोड लागणार नाही.

काल पाच वाजता तू खाली आली होतीस. तुमच्या गेटबाहेर, फूटपाथच्या कडेला, पांढऱ्या पट्ट्यापाशी. मी खिडकीत होते. तू मान वर करून माझ्याकडे बघत होतीस आणि एक पाय रस्त्यावर टाकला होतास. मी खिडकी लावून घेतली आणि पडदा ओढला.

रंगूबाई आज म्हणाल्या, "तुमी खिडकी लावली तशा त्या माघारी फिरल्या म्हनं. जिन्यात बसून होत्या किती येळ."

माया, मी रागाने लावली नाही. तू माझ्याकडे बघत होतीस म्हणून लावली. तू गाड्यांकडे बघावंस म्हणून.

आज आलीस, उद्या आलीस, तरी खिडकी बंदच असेल. वर बघू नकोस. दोन्ही बाजूंना बघत, सावकाश ये. पाच वाजता मी दाराची कडी काढून ठेवते.

ताई